जांभ्या दगडाचं जुनं घर आणि नवीन फायबर: वाय-फाय ७ चा राउटर घ्यावा का?

नंदगडची सून

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात नंदगडला आमचं घर आहे. जुनं, जांभ्या चिऱ्यांचं, वर कौलं. पुढं सोपा (ओसरी), मग माजघर, त्याच्या मागं स्वयंपाकघर आणि परड्यात गोठा. भिंती दीड हात जाड. आता फायबर घेतलंय, १०० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीच्या माणसानं डबा सोप्यात टीव्हीच्या मागं बसवून दिला. सोप्यात झकास चालालंय. माजघरात रखडतंय, आणि स्वयंपाकघरात रेंजची एक काडी दिसते पण पान काही उघडत नाही.

मिस्टर सैन्यात आहेत. त्यांचा व्हिडिओ कॉल रात्री जेवणाच्या वेळेला येतो, तेव्हाच त्यांना सवड असते. मी स्वयंपाकघरात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या माजघरात खाटेवर असतात, सारखं उठून सोप्यात येणं त्यांना होत नाही. लेकाचा चेहरा थांबून-थांबून दिसतो, आवाज तुटतो. हे मला नीट करायचंच आहे.

घरात काय-काय आहे ते सांगते. माझा फोन बऱ्यापैकी आहे, चार वर्षं झाली. सासऱ्यांचा अगदी स्वस्तातला. मुलीचा लॅपटॉप (ती बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला येते). टीव्ही. आणि म्हैस गाभण आहे, त्यामुळं गोठ्यात एक कॅमेरा लावायचा आहे.

बेळगावात एका दुकानात विचारलं, तर ते वाय-फाय ७ चा घ्या सांगालेत, पुढची दहा वर्षं बघायला नको म्हणे. किंमत चांगलीच आहे. मुलगी म्हणते ६ पुरे. शेजारचे म्हणतात आहे त्यालाच ५ गिगाहर्ट्झवर टाका, झालं. हे ४, ५, ६, ७ नेमके कशाचे आकडे? आणि पैसे घालायचे तर कशावर घालू?

उद्यमबाग वायरिंग

ताई, मी उद्यमबागेतल्या कारखान्यांत आणि आजूबाजूच्या गावांतल्या घरांत हेच काम करतो. येळ्ळूर, किणये, जांबोटीकडची तुमच्यासारखी घरं भरपूर बघितलीत. तुमच्या घरात अडचण आकड्याची नाही, भिंतीची आहे. तरी आकडे आधी सांगतो, म्हणजे दुकानात कुणी काही सांगितलं तर तुम्हाला तोलता येईल.

आयईईई ही संस्था ही मानकं ठरवते. पहिलं १९९७ मध्ये आलं, ८०२.११ नावाचं, वेग २ एमबीपीएस. मग १९९९ मध्ये बी आणि ए, २००३ ला जी, २००९ ला एन, २०१३ ला एसी, २०२१ ला एएक्स. ही अक्षरं गिऱ्हाइकाच्या लक्षात राहीनात, म्हणून वाय-फाय अलायन्सनं २०१८ मध्ये साधे आकडे लावले. एन म्हणजे ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. बीई म्हणजे ७, त्याची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून द्यायला लागले.

दुकानात माल कागदाच्या आधी येतो, हे ध्यानात ठेवा. एनचे राउटर २००७ पासूनच मसुद्यावर प्रमाणित होऊन विकले जात होते, मानक पक्कं झालं २००९ ला. ६ चं प्रमाणपत्र २०१९ मध्ये सुरू झालं, कागद २०२१ ला. घरात मात्र उलटं होतं. राउटर एका दिवसात बदलता येतो, पण फोन, टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर आपापल्या वयानं बदलतात. राउटर ७ चा आणि फोन ४ चा असला तर त्या दोघांत जे काही चालतं ते ४ नंच चालतं. फोनचा रेडिओ काही अपडेट होऊन वाढत नाही. म्हणून मी कुणाच्याही घरी गेलो की राउटर बघायच्या आधी घरातली उपकरणं बघतो.

आता भिंतीचं. वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जाड भिंतीत ५ लवकर मरतं, २.४ त्यातल्या त्यात पार जातं. त्यात आमच्यात पावसाळ्यात जांभा पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून आणखी कमी जातं. म्हणजे तुमच्या मागच्या खोल्यांत जे काही पोचतंय ते २.४ च असणार.

आणि इथंच एक मोठी गोम आहे, जी खोक्यावर कुणी लिहीत नाही. वाय-फाय ५ हे मानक फक्त ५ गिगाहर्ट्झसाठी होतं. त्यानं २.४ ला हातच लावला नाही. म्हणजे २००९ चं एन आलं आणि त्यानंतर थेट ६ येईपर्यंत २.४ पट्टा होता तिथंच होता. 'एसी १२००' लिहिलेला राउटर घेतला तरी मागच्या खोलीत तुम्हाला मिळतं ते २००९ चंच. ६ नं २.४ ला परत हात घातला. पण तिथंही बघून घ्या. 'एएक्स १५००' लिहिलेल्या राउटरमध्ये तो आकडा म्हणजे ५ आणि २.४ च्या वेगांची बेरीज, साधारण १२०१ अधिक ३०० एमबीपीएस, आणि तो ३०० म्हणजे २.४ वरचा जुना एन. 'एएक्स १८००' असेल तर १२०१ अधिक ५७४, म्हणजे दोन्ही पट्टे ६ चे. किमतीत फरक थोडाच असतो, पण जाड भिंतीच्या घरात दुसराच घ्यावा.

हे आकडे कागदावरचे आहेत. हवेत त्याच्या निम्म्याला थोडं वर मिळालं तरी ठीक म्हणायचं.

दुसरं, हवा सगळ्यांची एकच. एका चॅनलवर एका वेळी एकजणच बोलतो. लांबचा फोन हळू बोलतो, म्हणून जास्त वेळ घेतो, आणि तोपर्यंत जवळचा वेगवान लॅपटॉपही थांबतो. गळीत हंगामात चिकोडी रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉलीमागं गाडी अडकते, तशातली गत. म्हणून स्वयंपाकघरातला फोन धडपडायला लागला की सोप्यातला टीव्हीही अडकू शकतो.

तेव्हा आधी मोजा. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फायवर जा, जोडलेल्या नावावर दाबा. तिथं लिंक स्पीड (फोन आणि डब्यातला वेग) आणि फ्रिक्वेन्सी (कोणता पट्टा) दिसते. सोप्यात, माजघरात, स्वयंपाकघरात उभं राहून तिन्ही आकडे इथं टाका. लॅपटॉपवर नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रोटोकॉल' अशी ओळ असते, त्यात वाय-फाय ४, ५ की ६ ते सरळ लिहिलेलं असतं. तोपर्यंत दुकानात पैसे देऊ नका.

टिळकवाडी तिसरा मजला

आमच्याकडं अडचण भिंतीची नाही, गर्दीची आहे. फोनवर यादी उघडली की शेजाऱ्यांची नावं संपत नाहीत. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सगळ्या बिल्डिंगनं त्या तिघांतच राहायचं. आम्ही सगळं ५ गिगाहर्ट्झवर नेलं, ६ चा राउटर घेतला, आणि मिटिंगमध्ये आवाज तुटणं थांबलं. त्यामुळं नवीन मानकानं काही होत नाही असं वाचणाऱ्यांनी समजू नये. ६ मध्ये एकाच चॅनलचे तुकडे करून एका वेळी अनेक उपकरणांना द्यायची सोय आहे, दाटीच्या ठिकाणी ती कामाला येते.

दादांना एक विचारायचं होतं. ७ घेतला तर ६ गिगाहर्ट्झचा तिसरा मोकळा पट्टाही मिळतो ना? मग फ्लॅटवाल्यांनी तो घ्यावा का?

उद्यमबाग वायरिंग

मॅडम, तुमचं बरोबर आहे, फ्लॅटमध्ये ६ चा फायदा खरा आहे. पण खोक्यावर ७ लिहिलंय म्हणजे ६ गिगाहर्ट्झ आहेच असं नाही. ७ च्या प्रमाणपत्राला तो पट्टा लागतच नाही. 'बीई ३६००' म्हणून येतात त्यांत २.४ आणि ५ एवढंच असतं. तिसरा पट्टा हवा असेल तर 'ट्राय-बँड' लिहिलंय का आणि भारतासाठीच्या मॉडेलमध्ये तो चालू आहे का, दोन्ही विचारायचं.

काय झालंय म्हणजे, प्रत्येक देश आपापला पट्टा आपल्या वेळेनं मोकळा करतो. आपल्याकडं २.४ चा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ च्या ऑक्टोबरात. ६ गिगाहर्ट्झ अमेरिकेनं २०२० च्या एप्रिलमध्ये सगळाच खुला केला, १२०० मेगाहर्ट्झ. आपल्या दूरसंचार विभागाचा मसुदा मे २०२५ मध्ये आला, तोही खालच्या ५०० मेगाहर्ट्झचा, ५९२५ ते ६४२५, मुख्यतः घरातल्या घरात कमी ताकदीनं वापरण्यासाठी. त्याच पट्ट्यातून जमिनीवरून उपग्रहाकडं सिग्नल जातात, म्हणून ताकदीवर बंधन. ७ चा जो सगळ्यात मोठा ३२० मेगाहर्ट्झचा चॅनल, तो ६ गिगाहर्ट्झमध्येच होतो, आणि ५०० मध्ये तो एकच बसतो.

तुमच्याकडं ७ चे फोन-लॅपटॉप असतील तर घ्या, वाईट काही नाही. दोन पट्टे एकदम वापरायची सोय त्यात आहे आणि ती चांगली आहे. पण त्यासाठी समोरचं उपकरणही ७ चं लागतं आणि सुरक्षेला डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या कुलपाची नवी पद्धत) लागतं. ६ गिगाहर्ट्झ तर एका भिंतीतच दमतं. फ्लॅटमधल्या एका खोलीत छान. नंदगडच्या ताईंच्या घरात त्यावर पैसे घालू नयेत असं मी ठामपणे सांगेन.

निपाणी स्टँडजवळ

लॅपटॉपबद्दल थोडं. बऱ्याच लॅपटॉपांचं वाय-फाय कार्ड सुटं असतं, खालचं झाकण काढून बदलता येतं. इंटेलचं एएक्स २१० कार्ड इंटेल आणि एएमडी दोन्हींवर चालतं. एएक्स २११ मात्र ठरावीक इंटेल मशीनवरच, ते चुकून घेऊ नका. काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) दुसरं कार्ड स्वीकारतच नाही, आधी खात्री करा. आणि विंडोज १० वर ६ गिगाहर्ट्झ मिळत नाही, ११ लागतं. हातात स्क्रूड्रायव्हर धरायची सवय असेल तर राउटरपेक्षा हे स्वस्तात होतं.

नंदगडची सून

दादा, आकडे घेतले. माझ्या फोनवर सोप्यात ७२, माजघरात २८, स्वयंपाकघरात ६. फ्रिक्वेन्सी तिन्हीकडं २.४ च. लॅपटॉपवर सोप्यात वाय-फाय ४ असं लिहिलंय, वेग १४४. पण मुलगी म्हणते तिचा लॅपटॉप वाय-फाय ५ चा आहे, मग ४ का दाखवतंय? आणि डब्याच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ कुठंच सापडत नाही.

उद्यमबाग वायरिंग

सापडलं ताई. तुमच्या कंपनीच्या डब्यात ५ गिगाहर्ट्झचा रेडिओच नाही. नुसता २.४ चा एन डबा आहे. म्हणून लॅपटॉपला वाय-फाय ५ येत असूनही तो ४ नं बोलतोय, आणि शेजाऱ्यांनी सांगितलेला उपाय तुमच्या डब्यात होऊच शकत नाही.

तुमचे आकडे अगदी बोलके आहेत. एका अँटेनाच्या फोनला एन वर २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये जास्तीत जास्त ७२ मिळतात, ते तुम्हाला सोप्यात मिळालेत. लॅपटॉपला दोन अँटेना, म्हणून त्याच्या दुप्पट, १४४. पुढं सिग्नल कमजोर झाला की फोन चुका टाळायला स्वतःहून एकेक पायरी खाली उतरतो. २८ ही मधली पायरी, आणि ६ म्हणजे साडेसहाची, एन मधली सगळ्यात खालची. त्याखाली कॉल टिकत नाही. म्हणजे तुमचा १०० चा प्लॅन अडतोय तो डब्याच्या पुढं, जुन्या वाय-फायमध्ये आणि दोन भिंतींत. प्लॅन वाढवून काहीही होणार नाही.

आता करायचं काय. टीव्हीच्या मागून तो डबा काढा. टीव्हीच्या पाठीत पत्रा असतो, तिथंच बरंच अडतं. पण मुख्य काम वेगळं आहे. त्या डब्यातून लॅनची एक वायर माजघरात न्यायची आणि तिथं एएक्स १८०० चा एक राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये लावायचा, म्हणजे तो वायरीतून आलेलं नेट फक्त वाय-फायवर वाटतो. मेशची जोडी (एकमेकांशी बोलून घरभर वाय-फाय पसरवणारे दोन डबे) घ्या असं कुणी सांगितलं तर, वायरविना मेशचे दोन डबे एकमेकांशी त्याच भिंतीतून बोलणार, म्हणजे अडचण आहे तिथंच. वायर मधे असली की भिंत मोजायचीच नाही.

वायर ओढायला भोक पाडत बसू नका. दीड हात जांभ्यात नेहमीचं बिट पुरत नाही. कौलारू घराला एक सोय असते, भिंतीच्या माथ्यावर आणि वाशांच्या मधे फट असते. किणयेत एका घरी मी तसंच केलं. शिडी लावली, सोप्यातून वायर पीव्हीसी पाइपात घालून वाशाच्या कडेनं भिंतीवरून माजघरात उतरवली. पाइप सोडू नका, माळ्यावर उंदीर असतातच. आणि राउटर माजघराच्या मधल्या दाराच्या वर, डोक्याच्या उंचीपेक्षा वर बसवला. दारातून स्वयंपाकघराकडं मोकळी वाट मिळते. त्या घरातल्या आजींना आता मुंबईच्या नातवाचा चेहरा माजघरात बसून स्वच्छ दिसतो, तुमच्या सासूबाईंनाही दिसेल.

वायर घेताना कॅट ६ घ्या (हा वायरीचा प्रकार, वाय-फाय ६ शी त्याचा संबंध नाही), आणि शुद्ध तांब्याची. स्वस्तात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर गळ्यात मारतात. टोक चाकूनं खरवडून बघायचं, आत पांढरं दिसलं तर परत द्यायची. राउटरच्या मागचे पोर्ट गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) आहेत का तेही बघा. काही स्वस्त राउटरमध्ये ते १०० एमबीपीएसचेच असतात. आज तुमचं भागेल, प्लॅन वाढवला की अडेल.

सेटिंगमध्ये दोनतीन गोष्टी. डब्याचं आणि नव्या राउटरचं वाय-फाय नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, पण २.४ चे चॅनल वेगळे, एक १ वर, एक ६ वर. ५ गिगाहर्ट्झला चॅनल ३६ ते ४८ मधला द्या. ५२ ते १४४ मध्ये राउटरला आधी रडार आहे का ते ऐकावं लागतं, म्हणून करंट जाऊन आला की एखादं मिनिट ५ दिसतच नाही आणि घरच्यांना वाटतं बिघडलं. सुरक्षा 'डब्ल्यूपीए२ / डब्ल्यूपीए३' मिश्र ठेवा. नुसतं ३ ठेवलं तर सासऱ्यांचा फोन कदाचित जोडणार नाही. आणि दोन्ही डब्यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. एकालाच लावून उपयोग नाही, फायबरचा डबा बंद झाला तर पुढचं सगळं बंद.

तुमच्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग आहे का बघा. आपल्याकडं २०१९ च्या डिसेंबरपासून मोठ्या कंपन्यांनी ते सुरू केलंय. पावसात टॉवरची रेंज गेली तरी साधा फोन वाय-फायवरून लागतो. सासऱ्यांसाठी हे फार मोलाचं आहे, दवाखान्याला फोन करायची वेळ आली तर रेंज शोधत अंगणात जावं लागत नाही.

टिळकवाडी तिसरा मजला

वायरीचं पटलं. माझ्या माहेरी कडोलीतही असंच घर आहे, मेच्या सुट्टीत जाईन तेव्हा हेच करून घेते.

नंदगडची सून

फार उपकार झाले दादा. मुलीला वाचून दाखवलं, ती शनिवारी वायर घेऊनच येते म्हणाली. एक शेवटचं. गोठा स्वयंपाकघरापासून चाळीसेक फूट असेल. कॅमेऱ्यासाठी तिथपर्यंतही वायर ओढू का?

उद्यमबाग वायरिंग

ओढू नका ताई. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची वायर उघड्यावरून नेली की वळवाच्या पावसात विजेचा धोका असतो. जवळपास कुठं वीज पडली तरी वायरीतून धक्का आत येतो, आणि कॅमेरा, राउटर, कधी फायबरचा डबाही एकदम जातो. एप्रिल-मे मध्ये माझ्याकडं असे जळलेले पोर्ट येतातच.

चाळीस फुटाला २.४ पुरतं. गोठ्यात कॅमेऱ्याच्या जागी फोन धरून मोजा, २० च्या वर आकडा आला तर कॅमेरा बिनघोर लावा. कमी आला तर राउटर थोडा स्वयंपाकघराच्या बाजूला सरकवा. तेवढ्यानंही नाही झालं तर केबलवाल्याकडून साधी ड्रॉप फायबर (खांबावरून घरात आणतात ती बारीक फायबर) ओढून घ्या आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन वायर जोडणारी डबी) लावा. काचेतून वीज वाहत नाही. फक्त ज्या फायबरच्या आत आधाराची पोलादी तार असते ती घेऊ नका, बिनधातूची मागा.

कॅमेरा घेताना तो फक्त २.४ चा निघेल, घरगुती कॅमेरे बहुतेक तसेच येतात, त्यात काळजीचं काही नाही. जोडताना मात्र ॲपला फोन २.४ वर लागतो, आणि तुमचा फोन तोवर नव्या राउटरच्या ५ वर गेलेला असेल. तेव्हा नव्या राउटरमध्ये फक्त २.४ चं एक वेगळं नाव तयार करा, 'गोठा' म्हणून, फोन त्यावर नेऊन कॅमेरा जोडा आणि मग फोन परत नेहमीच्या नावावर आणा. कॅमेरा कायम 'गोठा'वरच राहू द्या. म्हैस व्यायच्या आधी एक रात्र अंधारात चालवून बघा, अंधारातलं चित्र नीट येतंय का ते दिवसा कळत नाही.